पंचेचाळिशीतला अभ्यास
(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली. ती खरीच आहे, अजून तरी पोट त्यावरच चालतं. पण येत्या मे महिन्यात मी नीटला बसणार आहे, पशुवैद्यकीय पदवीसाठी. आपल्या ग्रुपवर ही बातमी फुटल्यापासून मला तीनच प्रश्न विचारले जातात. का? कसं? आणि 'अगं, या वयात?' त्याच क्रमाने सांगते.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि मी पुण्याहून बारामतीला परतले. लासुर्ण्याजवळ वडिलांची शेती आहे, गोठ्यात सहा एचएफ गाई. आठवड्यातले दोन दिवस मी लॅपटॉप घेऊन तिथेच बसायचे. एका हिवाळ्यात व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी आमची सर्वांत जास्त दूध देणारी गाय बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळलेली, कान गार पडलेले. वडील म्हणाले, "गेली ही."

डॉक्टर आले. त्यांनी हृदयाचे ठोके ऐकत ऐकत शिरेतून कॅल्शियम सोडलं, अगदी सावकाश. कारण ते भरकन गेलं तर हृदयच बंद पडू शकतं. बाटली संपली आणि थोड्या वेळाने गाय उठून उभी राहिली. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वर, पण अंग तापण्याऐवजी गार पडतं! व्याल्यावर दुधासाठी एकदम भरपूर कॅल्शियम लागतं, रक्तातलं कमी होतं आणि स्नायू काम सोडतात. डॉक्टरांनी जाताना गव्हाणीत पाहिलं आणि विचारलं, "नुसते वाढेच घालता का?" उसाच्या वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते जनावराच्या अंगी लागू देत नाही. आपल्या पट्ट्यात तोडणी सुरू झाली की घरोघरी वाढेच असतात. ही गोष्ट मला चाळिशीत कळली आणि आयुष्यभर गाई सांभाळणाऱ्या माझ्या वडिलांना सत्तरीत.

मग २०२२ मध्ये लम्पी आला. ऑगस्टमध्ये जळगावकडून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देत होते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. लसीकरणाला आलेल्या डॉक्टरांबरोबर मी वस्त्यांवर हिंडले, नोंदी ठेवल्या. शेजारच्या वस्तीवर एका विधवा बाईंची एकुलती एक गाय गेली. डेअरीचा दर दहा दिवसांचा पगार, त्यावर त्यांचा किराणा आणि मुलीची फी. मी वहीत एक आकडा लिहिला आणि त्यांच्या घरातलं उत्पन्न शून्य झालं. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, मला हे शिकायचंय.

आता कसं ते. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. आपल्याला जवळचं महाविद्यालय म्हणजे फलटण-लोणंदवरून पुढे शिरवळचं. मुंबईत परळला १८८६ पासूनचं जुनं महाविद्यालय आहे. ही सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. नीटला कमाल वयाची अट २०२२ पासून राहिलेली नाही. पुढच्या प्रवेशाचे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत येतात. ती ओळ न् ओळ वाचणं हाही अभ्यासच. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं होतं, ते मला आज कामाला आलं.

परीक्षा ७२० गुणांची. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. त्यातले ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. भौतिकशास्त्र मला सोपं जाईल असं सगळ्यांना वाटतं. संकल्पना आठवतात, खरं आहे. पण अठरा वर्षांची पोरं एका मिनिटात जे गणित सोडवतात त्याला मला तीन लागतात. म्हणून रोज पहाटे साडेचार ते सात घड्याळ लावून भौतिक आणि रसायन. रात्री जेवणानंतर जीवशास्त्र. माझी मुलगी अकरावीत आहे. टेबल एक, पुस्तकं एक, आणि चुका दाखवायचा तिचा उत्साह मोठा. वनस्पतींची कुळं पाठ करताना मात्र आपल्या जीवशास्त्राच्या बाई आठवतात. बाई, तुम्ही शाळेच्या आवारातलं धोत्र्याचं फूल उभं चिरून दाखवलं होतंत. त्या फुलाचे पाच पुंकेसर मला आजही पाठ करावे लागत नाहीत.

रविवारी गोठा. गाईच्या चार पोटांची नावं, कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट, पुस्तकात वाचली, पण कोटीपोटाची हालचाल डाव्या कुशीवर मूठ ठेवून मोजायला डॉक्टरांनी शिकवलं. लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा, घटसर्पाची पावसाळ्यापूर्वी, ही वस्तीवरच्या लोकांना आठवण करून देणं माझं काम. मी कोणत्याही जनावराला सुई टोचत नाही. १९८४ चा कायदा आहे. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ते करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता तिसरा प्रश्न. प्रवेश मिळाला तर पदवी हातात पडेल तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन. पगार थांबेल. घराचा हप्ता संपायला अजून एक वर्ष आहे, तोवर नोकरी सोडायची नाही असं आमचं ठरलंय. पहिल्या वर्षाचा खर्च त्यासाठी बाजूला काढलाय. आई म्हणते, "लेकीच्या लग्नाच्या वेळेला आई वसतिगृहात!" त्याला माझ्याकडे उत्तर नाही, मी हसते.

पण सर्वांत टोकदार प्रश्न आपल्याच एका मित्राने विचारला, ज्याचा मुलगा नीटच्या तयारीत आहे. "तू एका पोराची जागा अडवणार नाहीस का?" मी त्यावर बरेच दिवस विचार केला. जागा मोजक्याच आहेत, त्याचं म्हणणं खोटं नाही. तो मुलगा पस्तीस वर्षं काम करेल, मी फार तर पंधरा. पण मी ती पंधरा वर्षं कुठे काढणार हे मला आज माहीत आहे: बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गोठ्यांत, रात्री अडलेल्या गाईपाशी. अठराव्या वर्षी एवढं नक्की सांगता येत नाही, मलाही आलं नव्हतं. तरी गुणवत्ता यादीत तो माझ्या वर असेल तर जागा त्याचीच, आणि मी त्याला पेढे घेऊन जाईन.

मी दोनदा परीक्षा देणार आहे. दोन्ही वेळा नाही जमलं तर थांबणार. गाई आणि लसीकरणाची वही मात्र सोडणार नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांना एक विनंती. गाभण गाईच्या गव्हाणीत नुसते वाढे टाकू नका आणि क्षारमिश्रण किती, कधी द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. आणि ज्यांच्या घरात नीटची मुलं आहेत त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका रद्दीत घालण्याआधी मला फोन करा.