नागपाडा : योजना क्रमांक १



‘ही वस्तीच घाण’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या मोहल्ल्याबद्दल कधी ना कधी ऐकलंय. हेच वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी धोरण झालं, तेव्हा मुंबईत काय घडलं ते मी सांगणार आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये बंदराजवळच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं. पण ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर समज असा, की रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून उठतो. म्हणून गटारं कार्बोलिकने धुतली, कौलं उतरवून घरांत ऊन पाडलं. भिंतींवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवली. म्हणजे, माणसाने राहण्यास अयोग्य.

१८९७ च्या साथरोग कायद्याने घरात शिरून तपासण्याचा आणि रुग्णाला उचलून नेण्याचा अधिकार दिला. (कोविडच्या वेळी महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला, हे तुमच्या लक्षात असेल.) ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोड भागात तपासणी पथक जुलाहा विणकरांच्या वस्तीत आलं. बारा वर्षांच्या एका मुलीला न्यायचं होतं. घरच्यांनी नकार दिला, दंगल पेटली, गोळीबार झाला.

विणकरांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. प्लेगच्या इस्पितळात गेलेली माणसं फारशी परत येत नाहीत, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. आणि पोरीला परक्या पुरुषांच्या हवाली कोण करेल? विश्वासातला माणूस पुढे आला तिथे चित्र वेगळं होतं. तरुण आगाखानांनी हाफकिन यांची लस स्वतः जाहीरपणे टोचून घेतली आणि त्यांचं पाहून अनेक खोजांनीही घेतली. सरकारलाही पुढे सक्ती सैल करावी लागली, जमातींना स्वतःची इस्पितळं चालवू द्यावी लागली.

सक्ती सैल झाली, पण ‘वस्तीच घाण’ हा विचार गेला नाही. १८९८ मध्येच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जमीन ताब्यात घ्यायची, दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, हे त्याचं काम. त्याची पहिली योजना कुठली? नागपाडा. घरं पाडायचा वेग मोठा, बांधायचा कमी. ट्रस्टने आग्रीपाड्यात आणि इतरत्र चाळी बांधल्या, पण उठवलेली सगळी माणसं त्यात मावणार नव्हती. रोजगार सोडून दूर जाणंही परवडत नव्हतं. मग ती शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. गर्दी कमी करायची योजना, आणि शेजारी गर्दी वाढली! प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड मात्र झाले. आजही आपण ते वापरतो, हेही खरं.

हे सगळं चालू असताना या गल्ल्यांमधलं कोणी नगरपालिकेत का बोललं नाही? कारण मत होतं मुख्यतः घरपट्टी भरणाऱ्याला, म्हणजे घरमालकाला. भाड्याच्या खोलीत नळ नाही, संडास तुंबलेला, हे मांडायचं कोणी? ज्याने दुरुस्ती करायची, तोच मतदार होता. १९२२ मध्ये भाडेकरूला मत मिळालं, पण महिना १० रुपये भाडं भरणाऱ्यालाच. कामगाराच्या एका खोलीचं भाडं साधारण त्याहून कमी असे. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक झाली १९४८ मध्ये. नागपाड्याची पहिली घरं पडून तोवर जवळपास अर्धशतक उलटलं होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पुनर्विकासाबद्दल विचारायचं असेल, तर आपल्या इमारतीत भाडेकरू किती आणि कागदावर नाव कोणाचं, तेही सांगा.