बँका तीन, जोखीम एक



देवस्थानचा निधी काय किंवा बँकेतील ठेव काय, दोन्ही दुसऱ्याचे धन होय. या दृष्टीने अमेरिकेतील बोस्टन नगरीच्या बँक ऑफ न्यू इंग्लंड कॉर्पोरेशनचा इतिहास मननीय आहे. अनेक बँकांचे भाग धारण करणारी ही कंपनी १९८५ साली कनेक्टिकट राज्यातील सीबीटी कॉर्पोरेशनशी एक झाली. १९८७ साली तिने कॉनिफर ग्रुपही सामावून घेतला. तिची जिंदगी सुमारे ३२०० कोटी डॉलरांवर गेली. परंतु कर्जांचा फार मोठा भाग जमिनी व इमारती यांतच गुंतला होता. त्यांचे भाव उतरताच कर्जे थकली. ४ जानेवारी १९९१ रोजी कंपनीने ४५ कोटी डॉलरांपर्यंत तोटा संभवतो, असे जाहीर केले. ठेवीदारांची रीघ लागली आणि ६ तारखेस, रविवारी, सरकारने तिच्या तिन्ही बँका बंद केल्या. ठेवविमा महामंडळाने ठेवी राखल्या; भागधारकांचे भांडवल मात्र बुडाले.

संस्था तीन असल्या तरी जोखीम एकच होती. म्हणून ताळेबंदातील आकडा पाहून संतुष्ट न होता, आपला निधी कोठे व कशाच्या भरवशावर गुंतला आहे, हे प्रत्येक महाजनाने वार्षिक सभेत विचारावे, एवढीच विनंती.