लॉगिनला दहा मिनिटं? रॅम घेण्याआधी हे ऐका

आजचा विषय थेट ऑफिसातला. सकाळी पासवर्ड टाकायचा, एंटर मारायचं आणि ते गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. चहा पिऊन परत आलं तरी डेस्कटॉप नाही. आलाच, तर झेड ड्राइव्हवर लाल फुली. मग कुणीतरी म्हणतंच, "मशीन जुनं झालंय, रॅम वाढवा."

थांबा. पैसे खर्च करण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे मशीन काम करतंय, की कुणाची तरी वाट बघतंय? दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

ओळखायचं कसं? सोपी चाचणी सांगतो. हातातलं काम सेव्ह करा, साइन आउट करा, नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि पुन्हा लॉगिन करा. त्या मशीनवर तुम्ही आधी लॉगिन केलेलं असेल तर विंडोज सहसा तुम्हाला आत घेतं, कारण शेवटच्या काही लोकांची ओळख ते स्वतःजवळ जपून ठेवतं. केबल काढल्यावर लॉगिन झटकन झालं, तर रॅमचा आणि डिस्कचा दोष नाही. मशीन नेटवर्कवर कुणाची तरी वाट बघत होतं.

कुणाची? पहिला संशयित डीएनएस. ऑफिसच्या डोमेनमध्ये लॉगिन करताना मशीनला आधी डोमेन कंट्रोलर शोधावा लागतो, म्हणजे तो सर्व्हर ज्याच्याकडे सगळ्यांची खाती असतात. त्याचा पत्ता डीएनएस सांगतो. आता बऱ्याच छोट्या ऑफिसांत काय करतात? पहिला डीएनएस आपला सर्व्हर, आणि दुसरा 8.8.8.8, म्हणजे गूगलचा. "पहिल्याला नाही कळलं तर दुसरा सांगेल" असा हिशोब. पण तसं होत नाही. पहिल्याने वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज दुसऱ्याकडे जातं, आणि बराच वेळ तिथेच राहू शकतं. गूगलला तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं नावच माहीत नाही. तो सांगतो, "असं कुणी नाही." विंडोज ते उत्तर खरं मानतं.

सोसायटीतल्या काकांचा फ्लॅट वॉचमनला माहीत असतो. हायवेवरच्या टपरीवाल्याला विचारून काय उपयोग? आणि गंमत म्हणजे इंटरनेट मस्त चालू असतं, त्यामुळे डीएनएसवर कुणाचा संशयच जात नाही. उपाय: मशीनवर फक्त ऑफिसचा डीएनएस ठेवायचा. बाहेरची नावं शोधण्यासाठी त्या सर्व्हरवरच फॉरवर्डर लावायचा.

दुसरा संशयित, मेलेला ड्राइव्ह. दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सर्व्हरचा वाय ड्राइव्ह अजून मॅप केलेला असतो. विंडोज त्याला हाक मारतं, उत्तर येत नाही, तरी थांबतं. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' टाइप करा, यादी दिसेल. नको ते काढून टाका. ड्राइव्ह ग्रुप पॉलिसीतून किंवा लॉगिन स्क्रिप्टमधून येत असेल, तर तिथूनच काढायला सांगा, नाहीतर तो पुन्हा येईल.

आता लाल फुली. प्रत्येक फुली म्हणजे बिघाड नाही. 15 मिनिटं कुणी वापरलं नाही की सर्व्हर स्वतःच कनेक्शन सोडतो. क्लिक केल्यावर उघडलं, तर विषय संपला. फुली फक्त सकाळीच येत असेल, तर विंडोज नेटवर्क तयार व्हायच्या आधीच पुढे निघून गेलेलं असू शकतं. त्यासाठी नेटवर्कची वाट बघायला लावणारी ग्रुप पॉलिसी आहे. लॉगिनला थोडा वेळ जास्त लागेल, पण ड्राइव्ह येईल.

अजिबातच उघडत नसेल, तर आधी सर्व्हरच्या नावाने उघडून बघा, मग आयपीने. आयपीने उघडतंय आणि नावाने नाही, म्हणजे पुन्हा डीएनएस. पण म्हणून ड्राइव्ह कायमचा आयपीने मॅप करू नका. दुखणं तसंच राहील. घड्याळही बघा. मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर कर्बेरॉस ओळख नाकारतं. ती पाच मिनिटं ही त्याची ठरलेली मर्यादा आहे.

एक धोक्याची सूचना. जुना नॅस बॉक्स नव्या विंडोजवर दिसत नाही, म्हणून कुणी सांगतं, "एसएमबी 1 चालू करा." करू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये तो सहसा मुळात बसवलेला नसतो. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा. नाहीच जमलं तर नॅस बदला.

हे सगळं एवढं का सांगतोय? दहा मिनिटं वाया जातात, तेवढंच नाही. समजा, सीएचं ऑफिस आहे, रिटर्नचा हंगाम आहे आणि ड्राइव्ह लागत नाही. आर्टिकलशिप करणारी मुलगी काय करेल? फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करेल. उद्याही तेच. बॅकअप मात्र फक्त सर्व्हरचा होतो. महिन्याभराने त्या मशीनची डिस्क गेली की सगळं काम गेलं, आणि बोलणी त्या मुलीला बसतात. मूळ दोष तर डीएनएसच्या एका ओळीत होता.

म्हणून आयटीवाल्याला "स्लो आहे" एवढंच सांगू नका. किती वाजता, किती मिनिटं, एकाच मशीनवर की सगळ्यांच्या, केबल काढल्यावर काय होतं, हे सांगा. तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीचा लॉग उघडेल. तिथे 8001 क्रमांकाच्या नोंदीत लॉगिनच्या वेळी पॉलिसीला किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. मग अंदाज लावत बसावं लागत नाही.

आणि आज डेस्कटॉपवर पडलेल्या फाइल्स? ड्राइव्ह लागला की सगळ्यात आधी त्या तिकडे हलवा.