वाख आमचा, शोधनिबंध कुणाचा?

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)

 

आम्ही एका दुष्काळी तालुक्यातल्या अकरा जणी आहोत. बांधावरच्या घायपाताचा वाख काढतो आणि त्यापासून दोर, पिशव्या, पायपुसणी करतो. आज आमच्यातली एकजण बोलते आहे, पण हे भाषण सगळ्यांनी बसून लिहिलं आहे. तुमच्यातही कुणी केळीच्या सोपटाचा धागा काढत असेल, कुणी बांबूच्या टोपल्या विणत असेल, कुणी अंबाडीचं काम करत असेल. बाजारात या सगळ्याला आता 'पर्यावरणपूरक' म्हणतात. याच मालावर विद्यापीठांत संशोधन चालतं आणि ते संशोधन पत्रिकांमध्ये शोधनिबंध म्हणून छापून येतं. त्या छापण्याशी आपला काय संबंध, हा आजचा विषय.

आधी ही पत्रिका म्हणजे काय ते सांगतो. लंडनमध्ये १६६५ साली हेन्री ओल्डनबर्ग नावाच्या माणसाने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' नावाची पत्रिका सुरू केली. जगातल्या सगळ्यात जुन्या विज्ञान पत्रिकांपैकी ती एक आहे. तेव्हापासूनची रीत अशी की आपल्याला काय सापडलं एवढंच लिहून भागत नाही. कसं सापडलं तेही लिहायचं. माल कुठून आणला, किती दिवस भिजवला, काय घातलं, किती वेळा मोजलं, कशाशी तुलना केली, हे सगळं इतकं नीट लिहायचं की दुसऱ्या गावातल्या माणसाला तेच करून पाहता आलं पाहिजे.

आजच्या पद्धतीत निबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. ते शंका काढतात, पुन्हा मोजायला सांगतात, कधी परतही पाठवतात. बचत गटाचं दप्तर तपासायला बाहेरची ताई येते ना, तसंच. आपलंच लिहिलेलं आपणच तपासलं तर त्यावर बँक विश्वास ठेवत नाही. विज्ञानातही तेच आहे.

'पर्यावरणपूरक' या शब्दासाठी ही तपासणी फार महत्त्वाची आहे, कारण तो शब्द छापायला काहीच लागत नाही. पिशवीवर हिरवं पान काढलं की झालं. पण ती पिशवी करताना पाणी किती गेलं, रसायन कोणतं वापरलं आणि सांडपाणी कुठे सोडलं, ती किती वजन पेलते, किती दिवस टिकते, हे मोजून मांडल्याशिवाय तो शब्द खरा की खोटा हे कळत नाही. शेतात उगवलं म्हणून सगळं आपोआप चांगलं ठरत नाही. घायपाताची पाती नाल्याच्या पाण्यात कुजवली की त्या पाण्याचं काय होतं, त्याचा वास कसा येतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

आता आमच्या घायपाताचंच एक चांगलं उदाहरण सांगतो. ही वनस्पती मुळात मेक्सिकोकडची. तिच्या एका जातीला सिसल म्हणतात, आणि ते नाव तिथल्या सिसल या बंदरावरून पडलं. पाऊस कमी असला तरी ती जगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश नावाचे आपल्याच देशातून गेलेले शास्त्रज्ञ आहेत. स्वस्तातला कागदी सूक्ष्मदर्शक बनवला म्हणून त्यांचं नाव झालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली 'कम्युनिकेशन्स इंजिनिअरिंग' या पत्रिकेत एक निबंध छापला. विषय होता, सिसलच्या धाग्यापासून पाळीच्या पॅडमध्ये भरायचा शोषक कापूस कसा करता येईल.

वाख कडक असतो हे आपल्याला माहीत आहे. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात असतं. ते सौम्य आम्लाच्या प्रक्रियेने काढून टाकलं की धागा मऊ होतो, आणि पॅडमधल्या कापसापेक्षाही जास्त द्रव धरतो, असं त्यांनी मोजून दाखवलं. या प्रक्रियेला किती पाणी लागतं आणि हवेत किती कार्बन जातो, याचाही हिशोब त्यांनी मांडला. कोरडवाहू भागात, मोठ्या कारखान्याशिवाय हे करता यावं हा त्यामागचा विचार. मात्र मैत्रिणींनो, हे घरी करून पाहू नका. ती आम्लं कातडी भाजतात. आणि पॅड विकायचं तर त्याला भारतीय मानक आयएस ५४०५ आहे, त्याच्या चाचण्या कराव्या लागतात.

त्या निबंधातल्या दोन गोष्टी आम्हाला आवडल्या. पहिली म्हणजे, लेखकांच्या यादीत विद्यापीठातल्या लोकांबरोबर अ‍ॅलेक्स ओडुंडो हे नाव आहे. केनियातल्या किसुमू शहरात ते घायपाताचा वाख काढायची यंत्रं बनवतात. धाग्याशी रोजचा संबंध असलेला माणूस तिथे लेखक म्हणून आहे, नुसता माल देणारा म्हणून नाही. दुसरी गोष्ट, तो निबंध कुणालाही पैसे न देता वाचता येतो.

आमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातली मुलगी संशोधनासाठी आमच्याकडे आली. मुलगी गुणी होती. आमच्याबरोबर पाती कापली, चिकाने हाताला खाज सुटली तरी तक्रार केली नाही. पाती किती दिवस भिजवायची, उन्हाळ्यात लवकर का काढायची, वाख झोडपताना हात कसा फिरवायचा, सगळं विचारून तिने वहीत लिहिलं. दोन गोण्या वाख आम्ही तिला तसाच दिला. त्याचा निबंध झाला, छापूनही आला. आम्हाला ते कळलं वर्षभराने, आणि तेही दुसऱ्याकडून.

मोबाईलवर शोधलं तर चार ओळींचा सारांश दिसला. पूर्ण वाचायचा तर तीन हजारांच्या वर रुपये मागत होते. त्या सारांशात आमचा उल्लेख एवढाच होता की धागा स्थानिक पद्धतीने मिळवला. गावाचं नाव नाही, गटाचं नाही.

नाव नसलं म्हणून काय बिघडलं, असं आमच्या घरच्यांनीही विचारलं. बिघडलं ते सांगतो. त्याच सुमारास शहरातल्या एका दुकानदाराने आमच्याकडे सहाशे पिशव्यांची मागणी केली. त्याने विचारलं, तुमच्या दोराची ताकद तपासल्याचा कागद आहे का? तपासणी झालेली होती. आमच्याच वाखाची, आमच्याच पद्धतीने काढलेल्या धाग्याची ताकद मोजून छापलेली होती. पण तो वाख आमचा, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. नव्याने तपासणी करून घ्यायला पैसे आणि दीड महिना गेला. तोवर त्या दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला.

मग आम्ही काय केलं? गावातल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंनी एक वाट दाखवली. शोधनिबंधाच्या सारांशाजवळच मुख्य लेखकाचा ईमेल दिलेला असतो. त्याला पत्र लिहून प्रत मागता येते, आणि बरेच लेखक ती आनंदाने पाठवतात. आम्ही मराठीतच लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रत आली आणि त्या मुलीचा फोनही आला. तिला वाईट वाटलं. बायकांची नावं घालायची असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. छापून झालेल्या निबंधात आता आमची नावं नाहीत ती नाहीत. पण तिने आम्हाला लेखी पत्र दिलं की हा धागा या गटाने या गावात काढला आहे. पुढच्या मागणीच्या वेळी ते पत्र आम्हाला उपयोगी पडलं.

बाईंनी चार रविवार बसून तो निबंध आम्हाला वाचून दाखवला. वाचताना आम्हालाही शिकायला मिळालं. जास्त दिवस कुजवलेला वाख दिसायला पांढरा आणि मऊ होतो, पण धागा कमजोर पडतो, हे आकड्यांत पाहिलं तेव्हा आम्ही दोरासाठी आणि पिशवीसाठी वेगळे दिवस ठरवले. दुसऱ्या बाजूने एक गोष्ट आम्हीही दाखवून दिली. निबंधात भिजवण्याचे दिवस ठरावीक लिहिले होते. थंडीत तेवढ्या दिवसांत पातं सुटतच नाही. कुणी पौषात तसं करून पाहिलं तर त्याला जमणार नाही. छापण्याआधी आम्हाला वाचून दाखवलं असतं तर ही ओळ तिथेच सुधारली असती.

छापलेल्या कागदाची ताकद किती, याची एक गोष्ट आपल्या हळदीचीही आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला १९९५ साली पेटंट मिळालं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आमच्या आज्या हळद लावत होत्या, एवढं सांगून तिथे भागलं नसतं. लेखी पुरावे द्यावे लागले. त्यात जुने ग्रंथ होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत १९५३ साली छापलेला एक निबंधही होता.

म्हणून छापणं चांगलंच आहे. फक्त ते कुठे छापलं जातं हे पाहायला हवं. तुमच्या घरात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी मुलगी असेल तर हा भाग तिला ऐकवा. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून देतो, असे निरोप मोबाईलवर येतात. अशा पत्रिकेत कुणी काही तपासत नाही. पुण्यातले प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांपैकी एक हजारांवर पत्रिका तपासल्या. त्यातल्या ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाल्या. हा अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. ही बंगळुरूची पत्रिका १९३२ पासून निघते आणि कुणालाही फुकट वाचता येते. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या पत्रिकांची यादी केली होती, पण २०२५ मध्ये ती बंद केली. आता पारख ज्याची त्याने करायची आहे.

पारख करायची कशी? पत्रिकेच्या संपादकांची नावं खरी आहेत का, ते ज्या संस्थेत असल्याचं लिहिलंय तिथे ते आहेत का, हे पाहायचं. आधीचे दोन-तीन निबंध वाचायचे. तपासणीला किती वेळ लागतो ते विचारायचं. तीन दिवस असं उत्तर आलं तर तो नाद सोडायचा. एक लक्षात ठेवा, निबंध सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून काही चांगल्या पत्रिकाही लेखकाकडून पैसे घेतात. त्यामुळे पैसे मागितले म्हणजे खोटी, असं नाही. न तपासता छापते ती खोटी.

वाचण्याची सोयही थोडी वाढली आहे. केंद्र सरकारने 'एक देश, एक वर्गणी' ही योजना आणली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन सुमारे १३,००० पत्रिका सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि संशोधन संस्थांना २०२५ पासून उपलब्ध केल्या. गटातल्या बाईला ती सोय थेट नाही. पण तुमची लेक, सून किंवा भाची सरकारी महाविद्यालयात असेल तर तिथल्या ग्रंथालयात बसून तिला निबंध वाचता येईल. तिला जरूर पाठवा.

आता शेवटचं आणि कामाचं. संशोधनासाठी कुणी आपल्या दारात आलं तर त्यांना चहा द्या, माहितीही द्या, पण चार गोष्टी आधी बोलून एका कागदावर लिहून घ्या.

एक, गावाचं आणि गटाचं नाव निबंधात येईल का? पद्धत आपली असेल आणि कामात आपण बरोबर असू, तर लेखकांत नाव का नाही, हेही विचारा. निदान आभारात तरी नाव हवंच.

दोन, छापण्याआधी आपल्या कामाबद्दलचा भाग मराठीत वाचून दाखवतील का?

तीन, छापल्यावर पूर्ण प्रत आणि एक पानाचा मराठी सारांश देतील का?

चार, यातून वस्तू विकायचा किंवा पेटंट घ्यायचा विचार आहे का? असेल तर छापण्याआधीच बोलायला हवं, कारण सगळ्यांसमोर आलेल्या गोष्टीवर नंतर पेटंट मिळणं अवघड होतं.

आणि कुणी येण्याची वाट न बघता करता येईल असं एक कामही आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही असते. आपल्या गावात ती कुठे आहे ते ग्रामसेवकाला विचारा. आपण वाख कसा काढतो, कोणत्या झाडाचा काय उपयोग करतो, ते तिच्यात लिहून घ्या. आम्ही आमचं दोन पानं लिहून दिलं आहे, खाली अकरा जणींच्या सह्या आहेत आणि तारीख आहे.

तुमच्याकडे कुणी संशोधक येऊन गेले असतील, त्यांचा निबंध शोधायचा असेल, तर रेडिओच्या ताईंकडे निरोप ठेवा. विज्ञानाच्या बाई आणि आम्ही दर रविवारी दुपारी हायस्कूलमध्ये बसतो. निबंधाचं नाव नसलं तरी चालेल, कोण आलं होतं आणि कोणत्या साली एवढं आठवलं तरी शोधता येतं.