गोविंदराव टेंबे आणि बाजाची पेटी

१९४० सालीं नभोवाणीनें बाजाच्या पेटीवर बंदी घातली, आणि ती सुमारें तीन दशकें चालली. त्याच नभोवाणीवरून गोविंदराव टेंबे यांचें स्मरण करावयाचें, यांत थोडी गंमत आहे. कारण महाराष्ट्रांत पेटीला मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत कोल्हापूरच्या या कलावंताचें नांव अग्रभागीं येतें.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालीं कोल्हापूरनजीक सांगवडें येथें झाला. पेटीवर त्यांनीं बहुतेक स्वतःच हात बसविला. गाण्याची दृष्टि मात्र भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखांसाहेब यांच्या सहवासांत आली. पेटीवरील आक्षेप कांहीं खोटा नव्हे. सप्तकाच्या पट्ट्या अवघ्या बारा. एकीवरून दुसरीवर जातांना मधला स्वर निसटतो, मींड निघत नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद तर दूरच राहिला. भात्याचा दाब आणि बोटांची सफाई एवढ्याच भांडवलावर वादकाला गळ्याचा भास निर्माण करावा लागतो. गोविंदरावांना तें साधलें होतें.

परंतु घरोघरीं त्यांचे सूर पोहोंचले ते नाटकामुळें. १९११ सालीं किर्लोस्कर मंडळीनें खाडिलकरांचें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें. त्यांतील पदांना चाली गोविंदरावांच्या. तोंवर नाट्यपदांवर साकी, दिंडी आणि कानडी चालींची छाप मोठी. गोविंदरावांनीं ठुमरी, दादरा, कजरी यांचा पूरबी डौल मराठी शब्दांना चढविला, आणि बालगंधर्वांच्या कंठांतून तो पिटांतल्या प्रेक्षकालाहि आपलासा वाटला. परक्या प्रांताची चाल मराठी अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घांवर बसविणें किती जिकिरीचें असतें, हें पदें नुसतीं गुणगुणणाऱ्याच्या ध्यानांत यावयाचें नाहीं!

१९१३ सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. ही भागीदारी फार काळ टिकली नाहीं. पुढें त्यांनीं स्वतःची शिवराज मंडळी उभारली.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनीं आणखी एक धाडस केलें. १९३२ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखालीं गोविंदराव हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती. संगीतहि त्यांचेंच. उसना आवाज घेण्याची सोय त्या काळीं नव्हती. नटानें अभिनय करतां करतांच गावयाचें!

१९५५ सालीं गोविंदराव निवर्तले, तेव्हां नभोवाणीच्या दालनांत पेटीला मज्जाव कायमच होता.