बुलबुल आणि कंदीलपुष्प

तुमच्या कुंपणावर गाणारा बुलबुल आणि हरिश्चंद्रगडावरचे एक दुर्मिळ फूल यांचे नाते काय, असे विचारले तर तुम्ही हसाल. पण नाते आहे, आणि ते आपल्या विचारात पडण्याजोगे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात हा गड आहे. पावसाळ्यात तिथल्या उतारांवर, गवतातून, खरपुडीच्या जातीचे एक लहानसे रोप वर येते. शास्त्रात त्याला ‘सेरोपेजिया लॉई’ म्हणतात. फुलाचा आकार कंदिलासारखा, म्हणून कंदीलपुष्प. बारीकशी माशी त्याच्या नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे तिला मागे फिरता येत नाही. पुढे केस सुकतात, माशी सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाते. इतके सगळे जुळून यावे, तेव्हा कुठे बी धरते! शिवाय खरपुड्यांचे कंद खाण्याजोगे. तेही लोक उकरतात.

उलट आपला बुलबुल पाहा. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका. फळ चालते, किडा चालतो, फुलातला मधही चालतो. घरटे कुंपणातही बांधील. माणसाने त्याला फिजी बेटांवर नेले, तर तिथेही त्याने संसार थाटला. एकाच्या गरजा नेमक्या, दुसऱ्याला कशाचेही वावडे नाही.

आता नाते सांगतो. बुलबुलाला घाणेरीची काळी फळे फार आवडतात. ती खाऊन तो उडतो आणि बी दूर कुठेतरी टाकतो. तिथे घाणेरीची जाळी माजते. तिच्या सावलीत लहान रोपाला ऊन कुठून मिळणार?

म्हणून बुलबुलाला दोष द्यायचा काय? मुळीच नाही. वड-उंबराचे बीही तोच पेरतो. अमेरिकेतली घाणेरी शोभेसाठी इकडे आणली ती माणसाने!

हा गड १९८६ पासून अभयारण्यात आहे. पण प्रत्येक उतारावर पहारा कोण ठेवणार? तेव्हा गडावर गेलात तर फूल पाहा, कंद उकरू नका. आणि आपल्या बांधावरची घाणेरी फळे धरण्याआधीच मुळासकट काढा. बुलबुल पेरायचे थांबणार नाही. त्याने काय पेरावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.