डब्याच्या पोटाखालचा ब्रेक



नागझिऱ्याच्या परिसरात मालगाडीच्या छोट्या प्रतिकृतीवर, त्यातही डब्याच्या पोटाखालच्या भागावर बोलायचं, हे मी मुद्दाम ठरवलं. गोंदिया–बल्लारशा लोहमार्ग आपल्या याच जंगलपट्ट्यातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये या मार्गावर, चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. धावती गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. का थांबत नाही, ते ब्रेकचा एकेक भाग हाताने घडवताना उमगतं.

हौशी मंडळी डब्याची पेटी सुंदर करतात, रंगवतात, अक्षरं लिहितात, खाली चाकं बसवतात आणि थांबतात. मला ते पटत नाही. डबा चालतो आणि थांबतो तो खालच्या सांगाड्याच्या जिवावर.

जुनी व्हॅक्यूम ब्रेकची चारचाकी वॅगन घ्या. गाडीभर गेलेल्या नळातली हवा ओढून घेतलेली असते. ड्रायव्हरने हवा आत सोडली, की सिलिंडरमधला दट्ट्या वर सरकतो, त्याला जोडलेला आडवा शाफ्ट फिरतो, ओढदांड्या ताणल्या जातात आणि बिडाचे ब्लॉक चाकांवर दाबले जातात. गाडी मध्येच तुटली तरी नळात हवा शिरते आणि ब्रेक आपोआप लागतो. प्रतिकृतीत ही साखळी कुठेही तुटता कामा नये. चाकासमोर ब्लॉक लोंबतोय आणि त्याला ओढणारी दांडीच नाही, असं दिसलं की जीव हळहळतो.

सांगाडा काचेवर, आलेख कागद खाली धरून जुळवावा, म्हणजे दोन्ही एक्सल काटकोनात राहतात. त्यातला एक मध्यावर किंचित झुलता ठेवा. नाहीतर एखादं चाक अधांतरी राहतं आणि डबा घसरतो. पाट्याच्या स्प्रिंगसाठी प्लास्टिक शीटच्या उतरत्या लांबीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवाव्यात. दांड्यांना अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार पुरते. ब्लॉक मात्र प्लास्टिकचेच हवेत. धातूचे ब्लॉक समोरासमोरच्या चाकांना टेकले, तर त्यांना जोडणाऱ्या तारेतून दोन्ही रुळांचा प्रवाह शॉर्ट होतो.

आता मापाची अडचण. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, आणि बाजारातला एचओ रूळ साडेसोळाचा. म्हणजे चाकं आणि ब्लॉक दोन्हीकडून जवळपास दीड मिलिमीटर आत घ्यावे लागतात, आणि सांगाडा विनाकारण रुंद भासतो. गोंदिया–जबलपूरच्या नॅरोगेजचं तसं नाही. ७६२ मिलिमीटर त्याच प्रमाणात पावणेनऊच्या आसपास येतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. आपल्या भागातल्या मुलांनी हात घालावा तो याच कामाला. ती छोटी गाडी आता धावत नाही. नागपूरला मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जुने डबे उभे आहेत. परवानगी काढून टेप घेऊन जा, खाली वाका आणि प्रत्येक दांडी कुठून निघून कुठे पोचते, ते आधी कागदावर काढा.